आधी भिंत दाखवा, मग उतारा द्या

प्रति,
महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या मराठी व भाषांतर अभ्यासमंडळांचे सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रमांचे मसुदे सध्या आपल्यापुढे आहेत. त्यांतले दोन-तीन माझ्या पाहण्यात आले. कायदा, बँक, वैद्यक, जाहिरात यांच्या जोडीला कलाविषयक मजकुराच्या भाषांतराला त्यांत स्वतंत्र घटक म्हणून जागा मिळाली आहे, हे वाचून फार बरं वाटलं. मग शेजारचा रकाना वाचला आणि हे पत्र लिहायला बसले. अध्यापनपद्धती: व्याख्यान. मूल्यमापन: अपठित उताऱ्याचे भाषांतर, गुण वीस.

माझी विनंती एकच आहे. कलेविषयीच्या मजकुराचं भाषांतर नुसता उतारा हातात देऊन शिकवू नका. विद्यार्थ्याला आधी त्या वस्तूपुढे उभं करा. ती वस्तू ज्या मालाची झाली आहे तो माल जमेल तेवढा त्याच्या हाताला लागू द्या. ज्याच्यासाठी तो लिहिणार आहे त्या वाचकाशी त्याची गाठ घालून द्या. आणि गुण द्यायचे ते या सगळ्याला द्या.

मी संग्रहालयांच्या पाट्या, प्रदर्शनांच्या पुस्तिका, चित्रकारांची टिपणं यांची भाषांतरं करते आणि एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भाषांतराचा पेपर शिकवते. हे काम मला कुणी शिकवलं नाही. चुका करत शिकले, आणि त्या चुका लोकांसमोर टांगल्या गेल्या. त्यातली एक सांगते, कारण या पत्राचं मूळ तिच्यातच आहे.

जुन्या छापील चित्रांच्या एका प्रदर्शनाच्या पाट्या मला इंग्रजीतून मराठीत करायच्या होत्या. मजकूर ईमेलनं आला, चित्रं आली नाहीत. मीही मागितली नाहीत. बऱ्याच पाट्यांवर 'आफ्टर राजा रवी वर्मा' असे शब्द होते. मी लिहिलं, 'राजा रवी वर्मा यांच्या नंतरचे'. पाट्या छापल्या गेल्या, भिंतीवर लागल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका वयस्क गृहस्थांनी अभिप्रायवहीत लिहून ठेवलं: रवी वर्मा १९०६ साली वारले, चित्राचा काळ तुम्हीच १९०० च्या आसपासचा दिला आहे, मग ते त्यांच्या नंतरचं कसं? कलेच्या मजकुरात त्या 'आफ्टर'चा अर्थ 'अमक्याच्या मूळ चित्रावरून केलेलं' असा होतो. रवी वर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यांच्या तैलचित्रांवरून शिळाछापानं काढलेल्या रंगीत प्रतींतून लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांत पोचल्या. त्या एका शब्दात मूळ चित्र, त्यावरून दगडावर रेखाटणारे कारागीर आणि छापखाना, एवढं सगळं होतं. मी ते सगळं पुसून तिथं एक खोटी तारीख बसवली. चित्रांच्या तळाशी छापखान्याचं नाव स्पष्ट छापलेलं होतं. चित्र समोर असतं तर ही चूक माझ्या हातून झाली नसती. माझा शब्दकोश चांगला होता, व्याकरण चांगलं होतं, वाक्यही शुद्ध होतं. मी वस्तू बघितली नव्हती, एवढंच.

आज वर्गात मी हेच रोज बघते. पुतळ्याच्या वर्णनात 'प्रॉपर राइट हँड' येतं आणि मुलं 'योग्य उजवा हात' लिहितात. त्याचा अर्थ मूर्तीचा स्वतःचा उजवा हात, म्हणजे आपण समोर उभे असलो तर आपल्या डावीकडचा. जलरंगातला 'वॉश', म्हणजे पातळ रंगाचा हात, धुण्याशी जातो; शिल्पातला 'रिलीफ', म्हणजे उठावाचं काम, दिलाशाशी. फोनवरच्या यंत्रभाषांतरातून आलेली ही वाक्यं मुलं तशीच उतरवतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे काहीच नसतं आणि त्यामुळे त्यांना काही खटकतही नाही. यात मुलांचा दोष मी मानत नाही. आपण त्यांना चित्राविना चित्राबद्दल लिहायला सांगतो.

'स्टिल लाइफ'चं घ्या. पदव्युत्तर वर्गात दरवर्षी कुणीतरी 'स्थिर जीवन' लिहितं. मी वर्गाला विचारते, एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा किती जणांनी दिल्या? निम्मे हात वर येतात. मग त्या पेपरांची नावं सांगा म्हटलं की मुलं घडाघडा म्हणतात: स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. एवढ्यात एखादी मुलगी थांबते आणि आपल्या वहीतलं 'स्थिर जीवन' खोडते. शब्द तिच्याकडे शाळेपासून होता. मडकं, तांब्या, दोन कांदे आणि मागं टांगलेला चुरगळलेला पडदा, यांच्यासमोर बसून तिनं तो शब्द हातानं कमावला होता. भाषांतराच्या पेपरात मात्र तो तिला आठवला नाही, कारण पेपर तिला त्या मडक्याजवळ नेत नव्हता.

याच्या उलटही घडतं, आणि त्याचं दुःख जास्त आहे. एका उताऱ्यात वस्त्राचं वर्णन करताना 'ग्राउंड' लाल असल्याचं म्हटलं होतं. एका विद्यार्थिनीनं 'जमीन लाल, काठ हिरवे' असं भाषांतर केलं. परीक्षकांनी 'जमीन' या शब्दाभोवती लाल गोल करून गुण कापले आणि समासात 'पार्श्वभूमी' असं लिहिलं. त्या मुलीची आई साड्यांच्या दुकानात काम करते. साडीच्या अंगाला जमीन म्हणतात हे तिला परीक्षकांपेक्षा चांगलं माहीत होतं. आपल्या पद्धतीनं तिचा अचूक शब्द चूक ठरवला, आणि पुढच्या वेळी ती 'पार्श्वभूमी' लिहील.

आता मी वर्गात काय करते ते सांगते, म्हणजे मागणी हवेतली वाटणार नाही.

अजिंठ्याविषयीच्या जुन्या इंग्रजी लेखनात तिथल्या चित्रांना सर्रास 'फ्रेस्को' म्हटलेलं आढळतं. फ्रेस्कोसाठी मराठी विश्वकोशानं 'भित्तिलेपचित्रण' असा नेमका शब्द दिला आहे. कोश उघडून तो शब्द ठेवणारा विद्यार्थी मेहनती म्हणायला हवा, पण त्याचं वाक्य खोटं ठरतं. खऱ्या फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावतात. इटालियन शब्दाचा अर्थच 'ताजा' असा आहे. गिलावा सुकताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो आणि रंग त्यात कोंडला जातो. अजिंठ्याला तसं केलेलं नाही. टाकीचे घाव असलेल्या खडबडीत दगडावर मातीचा जाड थर, त्यात खडी, भाताचं तूस, वनस्पतींचे तंतू. वर बारीक मातीचा थर. त्यावर चुन्याचा पातळ हात. आणि तो सुकल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. मूळ लेखकानं 'फ्रेस्को' हा शब्द सैलपणे वापरला आहे की तंत्र म्हणून, हे ठरवल्याशिवाय भाषांतर करता येत नाही. सैल असेल तर 'भित्तिचित्र' पुरे. तंत्र म्हणून असेल तर लेखकाची चूक आहे, आणि ती तळटीपेत दाखवायची की प्रकाशकाला कळवायची, हाही भाषांतरकारानंच सोडवायचा प्रश्न आहे.

हे मी तीन वर्षं फळ्यावर समजावलं. मुलांनी लिहून घेतलं आणि परीक्षेत पुन्हा तेच लिहिलं. चौथ्या वर्षी आमच्याच इमारतीच्या डागडुजीवर आलेल्या गवंडीदादांना वर्गात यायची विनंती केली. ते थापी, घमेलं आणि विरवलेल्या चुन्याची बादली घेऊन आले. मुलांनी हातमोजे घातले. चुना हातांना खातो, ही सूचना गवंडीदादांनी स्वतःच पहिल्यांदा दिली. दोन मंगलोरी कौलं उलटी ठेवून त्यांवर माती आणि तुसाचा थर दिला. तो सुकायला आठवडा दिला. पुढच्या तासाला दोन्हींवर चुन्याचा पातळ थर. एका कौलावर लगेच, ओल्यातच, गेरू आणि काजळी पाण्यात कालवून एकेक फूल काढलं. दुसरं कौल सुकू दिलं आणि त्यावर तेच रंग डिंकाच्या पाण्यात कालवून तेच फूल काढलं.

त्या पहिल्या कौलाशी मुलांची जी तारांबळ उडाली ती बघण्यासारखी होती. रंग आत ओढला जात होता, रेघ दुरुस्त करता येत नव्हती, आणि घाई करावी लागत होती. दुसऱ्या कौलावर निवांत बसून पाकळ्यांना छटा देता येत होत्या. दोन आठवड्यांनी एका विद्यार्थ्यानं ओलं बोट दोन्हींवरून फिरवलं. दुसऱ्या कौलावरचा गेरू बोटाला लागला, पहिल्यावरचा हलला नाही. त्यानंतर 'फ्रेस्को' हा शब्द त्या वर्गातल्या एकाही मुलानं डोळे मिटून लिहिलेला नाही. अजिंठ्याच्या चित्रांना ओलाव्याची आणि माणसांच्या श्वासाची एवढी भीती का, हा पुढचा प्रश्नही त्यांनीच विचारला.

आणखी एक गोष्ट त्या तासात झाली. फ्रेस्कोच्या वर्णनात चुन्याच्या शेवटच्या पातळ, गुळगुळीत थराला 'इंतोनाको' असा इटालियन शब्द येतो. त्याला मुलांनी 'अंतिम सूक्ष्म चुनालेपस्तर' असं काहीतरी घडवलं होतं. गवंडीदादांनी कौलावरचा वरचा थर नखानं खरवडून सहज म्हटलं, "हा नीरू. नीरूचा हात मारल्याशिवाय भिंत गुळगुळीत होत नाही." वर्ग एकदम गप्प झाला. इटलीतला नीरू आणि आपल्याकडचा नीरू तंतोतंत एकच असं मी म्हणत नाही, आणि पुस्तकात 'इंतोनाको' ठेवून पहिल्या उल्लेखाला 'चुन्याचा शेवटचा, नीरूसारखा गुळगुळीत थर' असं लिहावं, असं आम्ही चर्चेनंतर ठरवलं. पण तो शब्द मराठीत, मराठी माणसाच्या तोंडात, आमच्याच जिन्याखाली काम करणाऱ्या कारागिराकडे होता. कोशात तो आम्ही शोधलाही नव्हता.

कोशांना कमी लेखण्याचा यात हेतू नाही. मोझेइकला, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्राला, 'कुट्टिमचित्रण' हा शब्द विश्वकोशानं दिला, त्यामागे केवढा विचार आहे हे कळतं तेव्हा आदरच वाटतो. भाषा संचालनालयानं १९६० पासून परिभाषेचं जे काम केलं त्याच्याशिवाय आमचं पान हलत नाही. पण 'कुट्टिमचित्रण' संग्रहालयाच्या पाटीवर घातलं तर आठवीतल्या मुलाला काय दिसेल? म्हणून आमच्या वर्गात प्रत्येक संज्ञेची एक चिठ्ठी असते. तिच्यावर कोशातला शब्द, कारागिराच्या तोंडचा शब्द, कला महाविद्यालयात प्रत्यक्ष बोलला जाणारा शब्द (तो बहुतेक वेळा इंग्रजीच असतो), आणि खाली मुलानं स्वतः काढलेलं छोटं रेखाटन. रेखाटन काढता आलं नाही तर चिठ्ठी अपुरी. कुठला शब्द कुठल्या वाचकासाठी, यावर वाद होतात, आणि शिकणं खरं त्या वादातच होतं.

दुसरा खेळ याहून सोपा आहे, त्याला एक पैसाही लागत नाही. दोन विद्यार्थी पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्यानं मराठीत सांगायचं, दुसऱ्यानं ऐकून काढायचं. गेल्या वर्षी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र दिलं होतं. "मान किंचित डावीकडे कललेली आहे," असं सांगणारी म्हणाली, आणि काढणाऱ्यानं विचारलं, "कुणाच्या डावीकडे?" पद्मपाणीच्या उजव्या हातात निळं कमळ आहे, बघणाऱ्याला ते डावीकडे दिसतं. 'प्रॉपर राइट'चा धडा तिथं मी न शिकवता झाला. पुढे डोळ्यांपाशी अडलं. "डोळे अर्धे मिटलेले" म्हटल्यावर काढणाऱ्यानं झोपाळू माणूस काढला. "नाही, खाली बघतोय." तेही पुरलं नाही. शेवटी ती म्हणाली, "पापण्या खाली झुकल्या आहेत, पण भुवया ताणलेल्या नाहीत. कुणाचं तरी दुःख ऐकतोय असा." हे वाक्य कुठल्याही उताऱ्याच्या भाषांतरातून मला मिळालं नसतं. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी चित्रवर्णन लिहिण्याचं काम आता वाढतं आहे, आणि त्याची पहिली तालीम हीच.

अमेरिकेत ॲबिगेल हाउझन आणि फिलिप येनवाइन यांनी चित्र बघायला शिकवण्यासाठी तीन साधे प्रश्न रूढ केले: चित्रात काय चाललं आहे, असं तुला कशावरून वाटतं, आणि आणखी काय दिसतं. मी भाषांतराच्या तासाला ते जसेच्या तसे वापरते, फक्त मूळ मजकूर वाचण्याच्या आधी. आधी मुलं स्वतः बघून पाच ओळी लिहितात. मग इंग्रजी मजकूर मिळतो. मग स्वतःच्या पाच ओळींतले कोणते शब्द भाषांतरात कामी येतात ते शोधायचं. बरेच येतात. ते शब्द मुलाचे स्वतःचे असतात, म्हणून वाक्याला इंग्रजीचा वास येत नाही.

हे सगळं नवं आहे असंही समजू नका. १८७२ पासून पुढची तेरा वर्षं सर ज. जी. कला शाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या भिंतींसमोर बसून चित्रांच्या नकला करत होते. त्यांतल्या बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनमध्ये आगीत जळाल्या. त्याच्याही आधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. कापडं जळाली, पण भिंतीसमोर बसून ज्या हातांनी रेघ समजून घेतली ते हात मुंबईच्या कलेत पुढे कामाला आले. नक्कल करणं हेही भाषांतरच आहे. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला भिंतीसमोर बसवायचं हे दीडशे वर्षांपूर्वी ज्यांना सुचलं, त्यांच्याकडून भाषेच्या विद्यार्थ्यासाठी आपण एवढं तरी घ्यावं.

मराठीतून इंग्रजीत जाण्याची बाजू अभ्यासक्रमात जवळजवळ नाहीच, आणि इथं तर आपल्याशिवाय दुसरं कुणी हे काम करणार नाही. पैठणीवरची कोयरी इंग्रजी पुस्तिकेत 'पेझ्ली' होते. पेझ्ली हे स्कॉटलंडमधलं गाव, तिथं काश्मिरी शालींच्या नकला विणल्या जात म्हणून त्या आकाराला गावाचं नाव चिकटलं. येवल्याच्या मागावरची कोयरी तिकडे कशाला पाठवायची? पिंगुळीचे चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगणारे कलावंत, आपल्या चित्रसंचाला 'पोथी' म्हणतात, ती सुटी पानं असतात. इंग्रजीत 'बुक' म्हटलं की वाचकापुढे बांधीव पुस्तक येतं. आणि वारली चौक. लग्नघरात सवासिनी तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक काढतात, मधोमध पालघट देवी, आणि लग्नाचे विधी करणारी धवलेरी गाणी म्हणते. वारली लोक चौक 'लिहिला' असं म्हणतात. हे एक क्रियापद इंग्रजीत कसं न्यायचं, यावर माझ्या वर्गानं सलग दोन तास घालवले. 'पेंट' म्हटलं की सजावट झाली, 'ड्रॉ' म्हटलं की विधी गेला, 'राइट' म्हटलं की वाचक अडखळतो. डहाणूकडचा एक विद्यार्थी तोवर गप्प होता. तो म्हणाला, "अडखळू द्या की. त्यानं थांबून विचारावं, भिंतीवर काय लिहिलं?" आम्ही 'राइट' ठेवलं आणि पुढच्या वाक्यात त्याचा खुलासा केला. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, वारली चित्रं जगभर गेली, पण त्यांच्याबरोबर गेलेल्या इंग्रजी मजकुरात त्या मुलाच्या भाषेचा कान क्वचितच दिसतो. तो मुलगा आपल्याच वर्गात बसलेला असताना हे व्हावं, याचं मला वाईट वाटतं.

वाचकाची चाचणी हा शेवटचा भाग आणि तो मी कधीही गाळत नाही. मुलांनी लिहिलेली पाटी मोठ्या अक्षरात छापून संग्रहालयात किंवा देवळाच्या आवारात नेतो आणि येणाऱ्यांना वाचायला देतो. वाचून झाल्यावर एकच विनंती: आता पाटी झाका आणि काय कळलं ते सांगा. एकदा हेमाडपंती देवळाच्या पाटीवर मुलांनी 'कीर्तिमुख' लिहून पुढे कंसात 'अलंकारिक सिंहमुख' दिलं होतं. तिथं रोज फुलं विकणाऱ्या मावशींनी वाचलं आणि म्हणाल्या, "हा होय? उंबऱ्यावरचा हा तर सगळं खातो, स्वतःचं अंगसुद्धा खाल्लं त्यानं." पुराणकथा त्यांना ठाऊक होती, पाटीला नव्हती. दुसऱ्या मसुद्यात कंस गेला आणि मावशींचं वाक्य आलं. पाटी जेमतेम एका वाक्यानं वाढली.

आपल्या अडचणी मला ठाऊक आहेत. वर्गात साठ मुलं, पंधरा आठवड्यांचं सत्र, सहलीला निधी नाही, शिकवणारा भाषेचा, कलेचा नाही. पण अजिंठ्यालाच गेलं पाहिजे असं नाही. नागपूरच्या मुलांना अजब बंगला आहे, साताऱ्याच्या मुलांना औंधचं भवानी संग्रहालय आहे, पुण्यात केळकर संग्रहालय आहे. तेही दूर असेल तर गावातलं देऊळ, घरातली जुनी साडी, आजीचा तांब्याचा हंडा. आमच्या कौलांच्या प्रयोगाला जो खर्च आला तो एका प्रश्नपत्रिकेच्या झेरॉक्सपेक्षा फार वेगळा नव्हता. शिक्षकाला कला येत नसेल तर त्यानं विद्यार्थ्यांबरोबर बघायला बसावं. मीही तशीच बसते. साठ मुलांच्या पाच-पाचच्या बारा तुकड्या होतात, प्रत्येक तुकडीला एक वस्तू, एक लेखक, एक तपासणारा, एक वाचक गाठून आणणारा. ही कामं दर महिन्याला बदलायची, म्हणजे तपासणं काय असतं तेही प्रत्येकाला कळतं.

तेव्हा मसुदा अंतिम करताना या घटकातला वीस गुणांचा अपठित उतारा काढून टाकावा, ही विनंती. त्या जागी सत्रभराचं काम ठेवा: एका प्रत्यक्ष वस्तूची साठ-सत्तर शब्दांची मराठी पाटी, तिचंच इंग्रजी, संज्ञांच्या चिठ्ठ्या, पहिला मसुदा आणि शेवटचा मसुदा दोन्ही, आणि वाचक कुठं अडला याची नोंद. पहिल्या मसुद्यातल्या चुकांना गुण कापू नका. त्या दिसल्या पाहिजेत, लपवल्या जाऊ नयेत. यंत्रभाषांतर वापरलं असेल तर तेही जोडायला सांगा आणि त्यातलं काय का बदललं हे लिहायला सांगा. मुलं ते वापरणारच आहेत, उघडपणे वापरलं तर त्यातूनही शिकतील. आणि गवंडी, विणकर, चित्रकार यांना वर्गात बोलवायचं तर त्यांना पाहुण्या व्याख्यात्याइतकंच मानधन मिळेल अशी एक ओळ नियमांत घाला. आमच्या गवंडीदादांचा त्या दिवशीचा अर्धा रोज बुडाला. तो आम्ही वर्गणी काढून दिला, कारण त्यांच्या हुद्द्यासाठी कार्यालयातल्या अर्जावर रकानाच नव्हता.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाच्या निमित्तानं भाषांतराच्या योजनांची चर्चा होते आहे, पुस्तकांची होते आहे. संग्रहालयातली पाटी त्या चर्चेत कुठंच नाही. ज्यांच्या घरात पुस्तक येत नाही असे कितीतरी लोक शाळेच्या सहलीत किंवा जत्रेच्या वाटेवर संग्रहालयात शिरतात आणि एकच मराठी वाक्य वाचतात. ते वाक्य लिहिणारा विद्यार्थी आपल्या अभ्यासक्रमातून बाहेर पडणार आहे.

ती दोन कौलं माझ्याकडे अजून आहेत. एकावरचं फूल अर्धं पुसलं गेलं आहे, दुसऱ्यावरचं जसंच्या तसं आहे. अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीला परवानगी मिळाली तर दोन्ही घेऊन येईन. बरोबर ओल्या कापडाचा बोळाही आणीन, म्हणजे ज्यांना बघायचं त्यांना स्वतःच्या हातानं पुसून बघता येईल.

आपली विश्वासू,
एक भाषांतरकार आणि तासिका तत्त्वावरची शिक्षिका